सोळा गाड्यांचं वावर

साखरखेर्ड्याच्या अलीकडे नाल्याकाठी जी चार-पाच गावं आहेत, तिथे बागायती वावर एकरांत सांगायची रीत नव्हती. एकर आणि गुंठे तलाठ्याच्या दप्तरात. गावात विचारायचे ते एवढंच, की कुंपणाला बाभळीचे काटे किती गाड्या लागतात. रानडुकरांच्या त्रासापायी बागायतीला चारही बाजूंनी कुंपण करावंच लागे, आणि एका गाडीत दहा बांबू लांबीचं कुंपण होई. बांबू म्हणजे मोजायचा सहा हाती बांबू; तो ज्याच्या त्याच्या गोठ्यात आढ्याला टांगलेला असे. तेव्हा दहा गाड्यांचं वावर म्हणजे लहान आणि वीस गाड्यांचं म्हणजे मोठं. सोयरीक जुळवताना, वाटण्या करताना, इतकंच काय भांडतानासुद्धा हेच माप चाले, आणि आजवर त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं.

कडूबाचं वावर सोळा गाड्यांचं. नाल्याच्या काठाने पसरलेली लांबच लांब पट्टी. लांबी साठ बांबू, रुंदी वीस. माती चांगली होती, पण होळी सरली की नाला आटायचा. उरायचा तो एक डोह. डोहाला उन्हाळाभर पाणी असे, पण काठ असा उभा तुटलेला, की तिथे मोट लावायची सोय नव्हती. डोळ्यांसमोर पाणी आणि पाठीमागे वाळलेली वांगी, असा कडूबाचा दर उन्हाळा जाई.

आणि त्याच डोहावर पंजाबरावांचा डोळा होता. राज्य नवं होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि गावातलं पहिलं तेलावर चालणारं इंजिन पंजाबरावांनी आणलं होतं. इंजिनाला मोटेची गरज नाही, ते डोहातून पाणी ओढून पार वरच्या वावरात नेणार. फक्त काठावरची जागा हवी. बदल्यात ते वरच्या अंगाचा तुकडा द्यायला तयार होते. त्या तुकड्यात जुनी बांधीव विहीर होती. वैशाखातही तिचं पाणी तळ दाखवत नसे.

कडूबाने त्या विहिरीकडे किती वर्षं पाहिलं होतं ते त्यालाच ठाऊक. पंजाबरावांनी पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, "कडूबा, कुंपनाले कुंपन. तुह्या वावराले सोळा गाड्या लागते ना? मी सोळा गाड्यांचंच देतो. कमी नाही, जास्त नाही. जमिनीले जमीन." कागदाचं नंतर पाहू असं ठरलं. कागदावरच्या आकड्यांना तसाही अर्थ उरला नव्हता; एका पुराने कडूबाचा काठ इकडचा तिकडे करून ठेवला होता, आणि विहिरीचा तुकडा पंजाबरावांच्या मोठ्या सर्व्हे नंबरातून कापून द्यायचा होता.

सकाळी पंजाबरावांच्या सालदाराने आणि कडूबाने मिळून विहीर कोपऱ्यात घेऊन बांबू फिरवला. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. सोळा गाड्या बरोबर. चार कोपऱ्यांत तात्पुरत्या फांद्या रोवल्या. दुपार कलली की पंजाबराव जानरावांना घेऊन येणार होते. जानराव गावातले म्हातारे पंच. त्यांनी सुपारी फोडली की सौदा झाला. मग पक्क्या खुंट्या ठोकायच्या. पंजाबराव मोठे तापट. जराशी खळखळ दिसली की उठून जायचे, आणि कडूबाच्या शेजारच्या पट्टीचा किसनराव तर डोहाकाठची आपली जागा द्यायला एका पायावर तयार होता. तेव्हा आजचा दिवस सुरळीत पार पडावा, एवढीच कडूबाची इच्छा होती.

सालदार गेल्यावर कडूबा त्या चौकोनाच्या मधोमध उभा राहिला. चौकोन त्याला फार मोठा दिसला. त्याने डोळे चोळले. हाव सुटली की ताटातली भाकरसुद्धा मोठी दिसते, असं म्हणून त्याने स्वतःलाच दटावलं.

तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, त्याची बायको गीताबाई आणि सिंधू भाकरी घेऊन आल्या.

सिंधू कडूबाची एकुलती एक लेक. साखरखेर्ड्याच्या हायस्कुलात दहावीला होती. वर्गात मुली तिघी, आणि बीजगणित-भूमिती घेतलेली एकटी तीच. बाकीच्या दोघींनी गृहशास्त्र घेतलं होतं. "पोरीच्या जातीले ते क्ष अन् य कायले पाह्यजे?" असं कडूबाला दहा जणांनी विचारलं होतं. कडूबाचं उत्तर ठरलेलं असे, "मले का मालूम? ते तिले मालूम." पण हे सांगताना त्याची मान जरा ताठ होई.

बीजगणित त्याला येत नव्हतं. मात्र वाफ्यांना पाणी देताना बापलेकीचा एक खेळ चाले. सिंधू म्हणे, "बाबा, दोन आकडे सांगा. बेरीज तेरा, गुणाकार छत्तीस." कडूबा फावड्याने पाणी वळवता वळवता पुटपुटे आणि सांगे, "चार अन् नऊ." मग सिंधू समजावे, की वर्गराशीचे अवयव पाडायचे म्हणजे हेच. क्षचा वर्ग, त्यातून तेरा क्ष वजा, त्यात छत्तीस मिळवले. ही एवढी लांबलचक राशी, पण चार आणि नऊ सापडले की तिचे सरळ दोन तुकडे होतात. क्ष वजा चार आणि क्ष वजा नऊ. ती राशी शून्य व्हायची तर क्ष चार तरी हवा नाही तर नऊ तरी. त्या दोन आकड्यांना मुळं म्हणतात.

एकदा तिने घातलं, "बेरीज दहा, गुणाकार तीस." कडूबाने पाच-सहा वाफे भरले तरी आकडे सापडेनात. पाच-पाच घेतले तर पंचवीसच होतात. सहा-चार घेतले तर आणखी कमी. शेवटी सिंधू हसून म्हणाली, "बाबा, असे आकडेच नाहीत."

"नाहीत कशे? शोधनाऱ्याले सापडतेच."

"नाही सापडत. अन् शोधायच्या आधी ते ओळखता येते. बेरजेचा वर्ग करा. त्यातून गुणाकाराची चौपट काढा. काही उरलं तर दोन येगयेगळे आकडे. शून्य उरलं तर एकच आकडा, दोनदा. अन् उणं आलं, तर मोजायच्या बांबूवर दाखवता येईल असा आकडाच नाही." तिने करून दाखवलं. दहाचा वर्ग शंभर, तीसची चौपट एकशेवीस. उणे वीस. या उरलेल्याला ती विवेचक म्हणे.

कडूबाला राग आला होता. बापाला नसलेल्या गोष्टीमागे पळवायचं म्हणजे काय! पण रात्री जेवताना त्याने गीताबाईला मोठ्या कौतुकाने सांगितलं, "पोरगी नसलेलं बी ओळखते."

तर त्या दुपारी तिघं विहिरीच्या कठड्याला टेकून जेवायला बसली. गीताबाईने बेसन-भाकर सोडली, ठेचा काढला. तिचं लक्ष जेवणात नव्हतं, चौकोनात होतं.

"कांद्याचं रोप मी बाराशे वाफ्यांचं टाकलं," ती म्हणाली. "आपल्या पट्टीत बाराशेच वाफे होते. इथंबी सोळा गाड्याच, म्हंजे बाराशेच. रोप पुरते बरोबर."

त्यांच्याकडे वाफा बांबूला बांबू लावून पाडायची रीत होती, एक बांबू लांब, एक बांबू रुंद. सिंधूने भाकरीचा घास हातातच धरला. तिने एका फांदीकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"माय, रोप पुरत नाही."

"काऊन?"

"इकडून चाळीस वाफे, तिकडून चाळीस. सोळाशे होतात."

"सोळाशे कशे होतीन? काटे तेवढेच लागते ना?"

"काटे तेवढेच लागतात. वाफे जास्त होतात."

कडूबाने घास खाली ठेवला. चाळीस चोक एकशेसाठ, वर एक शून्य. सोळाशे. आणि पट्टी? वीस सक एकशेवीस, वर एक शून्य. बाराशे. आयुष्यभर तो बाराशे वाफे म्हणत आला होता आणि सोळा गाड्या म्हणत आला होता. पण हे दोन आकडे त्याने कधी एकमेकांशेजारी बसवले नव्हते. बसवायची गरजच पडली नव्हती. गावातल्या साऱ्या बागायती नाल्याकाठच्या, साऱ्या थोड्याफार एकाच आकाराच्या पट्ट्या. काट्यांचं माप तिथे खोटं ठरलं नसतं. आज पहिल्यांदाच पट्टीच्या बदल्यात चौकोन आला होता.

"चारशे वाफे जास्त," तो हळूच म्हणाला. "म्हंजे पाऊण एकर."

गीताबाईच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही, आणि मग एकदम सगळं उमटलं. "मंग चांगलं झालं ना व माय! देवानंच देल्लं. आपुन थोडंच मांगाले गेलो होतो? त्यायनंच म्हटलं, त्यायच्याच मानसानं मोजलं."

"हाव, पन त्यायले मालूम नाही," कडूबा म्हणाला.

"मालूम नाही तर त्यात आपला काय दोष? त्यायच्याकडं दोनशे एकर हाय. पाऊण एकर गेलं तर त्यायच्या बैलालेबी समजनार नाही. अन् तुमी बोल्ले, अन् त्यायचं डोकं फिरलं, तर? किसनराव टपूनच हाय. मंग बसा डोहात तोंड पाहत."

तिचं खोटं नव्हतं. कडूबा विहिरीत वाकून पाहू लागला. पाणी हाताशी आल्यासारखं दिसत होतं. या पाण्यावर चैत्रात वांगी होतील, वैशाखात मिरची होईल. बोललो तर ही विहीर हातची जाईल. नाही बोललो तर ती आपली, वर पाऊण एकर.

सिंधू दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. "बाबा, मी सांगून चूक केली का?"

तिच्या या प्रश्नाने कडूबा हलला. त्या मुलखात धुरा खाणारे लोक सगळीकडे होते. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या धुऱ्यात एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्त घालायचं. दहा वर्षांत धुरा हातभर सरकतो, आणि नांगर म्हणतो मी काहीच केलं नाही. कडूबाच्या नांगराने कधी कोणाचा धुरा खाल्ला नव्हता. ही एकच गोष्ट तो चारचौघांत छाती काढून सांगे. आता न नांगरता पाऊण एकर खायचा, आणि तोही पोरीने मोजून दाखवल्यावर? मग तिला रोज अडीच कोस चालवत हायस्कुलात धाडायचं कशाला? हिशेब शिक, पण तो गिळायलाही शिक, हे सांगायला?

"चूक नाही केली," तो म्हणाला. "पन आता तुले माह्यासंगं उभं राहा लागीन. मले हे सांगता येनार नाही."

 गीताबाईने उरलेली भाकर फडक्यात बांधली, गाठ जरा जोरातच मारली.

उन्हं कलल्यावर पंजाबराव आले. उंचेपुरे, पांढरा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. मागून खांद्यावर पिशवी टाकलेले जानराव.

"काय बे कडूबा, विहीर राखून राह्यला का आतापासूनच?" पंजाबराव खुशीत होते. "काढा जानबा अडकित्ता."

जानरावांनी पिशवीत हात घातला, तोच कडूबा म्हणाला, "थांबा, जानबा. भाऊ, हे वावर माह्या वावराहून जास्त भरते."

"जास्त?" पंजाबरावांच्या भुवया वर गेल्या. "माह्या मानसानं चुकीचं मोजलं?"

"मोजलं बरोबर. सोळाच गाड्या."

"मंग जास्त कसं? सोळाले सोळा!" त्यांचा आवाज चढला. "माह्या वावराचं माप तू मले शिकवून राह्यला? का आता मन नाही तुहं? तसं असन तर सरळ सांग, किसनरावच्या घरी चाललो मी."

कडूबा बाजूला सरकला. त्याने सिंधूकडे पाहिलं. ती पुढे झाली.

"काका, कुंपण सारखं असलं म्हणजे जमीन सारखी असते असं नाही."

"तू कोन? कडूबाची शाळेतली पोरगी ना? बेटा, तुह्या आज्याच्या आज्यापासून आमी काट्यांवर वावर सांगून राह्यलो."

सिंधूने खाली बसून मातीत काडीने एक चौकोन काढला. "ह्याला सोळा गाड्या. आता हा दोन्ही बाजूंनी दाबत जा. लांब होतो, अरुंद होतो, पण काटे तेवढेच." तिने शेजारी एक पट्टी काढली. मग आणखी अरुंद पट्टी. "आणखी दाबा. आता आठ गाड्या इकडं अन् त्याच्या पाठीला पाठ लावून आठ गाड्या तिकडं. मधात जागाच नाही. काका, कुंपण सोळा गाड्यांचंच हाय. आत किती वाफे बसतात?"

पंजाबरावांनी काठीचं टोक त्या दोन चिकटलेल्या रेघांवरून फिरवलं. "एकबी नाही," ते म्हणाले.

जानरावांना हसू फुटलं. "पंजाबा, असं वावर तू कोनाले देशीन तं कुंपनात मुंगी बी शिरनार नाही."

"तुमी चूप बसा, जानबा." पण आवाजातला कडकपणा उतरला होता. त्यांनी काठीने मातीवर टकटक केलं. "मंग हे किती जास्त हाय?"

"चारशे वाफे. पाऊण एकराच्या आसपास," सिंधू म्हणाली.

 गीताबाईने पदर दातांत धरला. कडूबाला वाटलं, आता ते पाठ फिरवतील.

पंजाबराव मात्र ताठ उभे राहिले. "आयक कडूबा. पारावर शब्द देल्ला म्या. सोळा गाड्यांचं वावर. पंजाबरावचा शब्द म्हंजे हद्दीचा दगड. पाऊण एकर गेलं तर गेलं. घे चौकोन. फोडा सुपारी."

"नाही, भाऊ," कडूबा म्हणाला, आणि आपल्याच आवाजाचं त्याला आश्चर्य वाटलं. "फुकटचा वाफा माह्या कुंपनात नको. तुमी 'जमिनीले जमीन' असंबी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"मंग जमिनीले जमीनच पाह्यजे."

"अन् माह्या सोळा गाड्यांचा शब्द?"

"तोबी पाह्यजे."

आता दोघंही आपापल्या जागी खुंटीसारखे रुतले. पाऊण एकर द्यायला एक हटून बसलेला आणि न घ्यायला दुसरा, असं भांडण जानरावांनी उभ्या जन्मात पंचायतीत पाहिलं नव्हतं. त्यांनी सिंधूकडे मान वळवली. "बाई, हे दोघं तं अडून बसले. सोळा गाड्याबी पाह्यजे अन् बाराशे वाफेबी पाह्यजे, असं वावर होते का? तुह्या शाळेत काय सांगते?"

सिंधूने मातीतली चित्रं पुसली आणि लिहायला लागली. कडूबा तिच्यामागे येऊन उभा राहिला. तिची अक्षरं त्याला लागत नव्हती, पण या वेळी आकडे लागत होते.

"सोळा गाड्या म्हणजे चारी बाजू मिळून एकशेसाठ बांबू. तर एक लांबी अन् एक रुंदी मिळून ऐंशी. एका बाजूला क्ष म्हणू. दुसरी ऐंशी वजा क्ष. दोन्हीचा गुणाकार बाराशे पाहिजे." तिने ओळ पूर्ण केली: क्षचा वर्ग, वजा ऐंशी क्ष, अधिक बाराशे, बरोबर शून्य. मग मान वर करून बापाकडे पाहिलं. "बाबा, बेरीज ऐंशी, गुणाकार बाराशे."

कडूबाने विचार करायला वेळ घेतला नाही. "साठ अन् वीस. हे तं आपलीच पट्टी!"

"हाव. क्ष वजा साठ, क्ष वजा वीस. असे अवयव पडतात. क्ष साठ, नाही तर वीस."

"अन् तिसरं काही?" पंजाबरावांनी विचारलं. ते आता गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते, फेट्याचा सोगा मातीला लागत होता. "साठ-वीस सोडून? पन्नास-तीस?"

"पन्नास-तीसचे पंधराशे होतात. जमीन जास्त होते. दोनच उत्तरं आहेत, काका, तिसरं नाही. ऐंशीचा वर्ग चौसष्टशे. त्यातून बाराशेची चौपट, अठ्ठेचाळीसशे काढले. सोळाशे उरले. म्हणजे दोन येगयेगळी मुळं, बस."

"अन् हा चौकोन?"

"त्याचे सोळाशे वाफे. सोळाशेची चौपट चौसष्टशे. चौसष्टशेतून चौसष्टशे गेले, शून्य. म्हणून चाळीस हे एकच उत्तर, दोन्हीकडून तेच. सोळा गाड्यांत चार कोपऱ्यांचं याहून मोठं वावर होत नाही."

"नाही कसं? माह्याकडं सोळा गाड्यांत सतराशे वाफे बसवनारा मानूस असन तं?"

सिंधू हसली. "बसवू द्या. सतराशेची चौपट अडुसष्टशे. चौसष्टशेतून अडुसष्टशे जातात का? उणे चारशे. तसं वावर कोणत्याच बांबूनं मोजता यायचं नाही."

पंजाबरावांनी आकडे पुन्हा पुटपुटले. स्वतःशीच एकदा हिशेब केला. कडूबाला त्यांची बोटं हलताना दिसली. मग ते सरळ उभे राहिले आणि कडूबाला म्हणाले, "म्हंजे माह्या मानसानं मले सगळ्यात मोठ्या आकारात बसोलं होतं. अन् तू ते सांगाले आला. येडा हायस का बे?"

"असन," कडूबा म्हणाला.

"आता वावर साठ-वीसचं. विहीर आत घ्यायची, हे तं ठरलेलंच. पन मंग पट्टी कशी टाकायची? विहीर कोपऱ्यात हाय. उभी टाकली तं धुऱ्याधुऱ्यानं वर जाते. आडवी टाकली तं तिकडं."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. आडव्या पट्टीचं शेपूट मुरमाड टेकाडावर जात होतं, तिथे कुसळाशिवाय काही येत नसे. उभी पट्टी पूर्ण काळ्या मातीतून जात होती, पण पंजाबरावांची गाडीवाट त्याच धुऱ्याला होती.

"तुह्या हिशेबात कोनती बसते?" जानरावांनी सिंधूला विचारलं.

"दोन्ही. साठबी खरं, वीसबी खरं. गणितात दोन्ही सारखेच." ती थांबली. "कोणतं घ्यायचं ते गणित नाही सांगत."

"मंग कोन सांगते?" जानराव म्हणाले. "पंजाबा, तूच सांग."

पंजाबरावांनी काठी कडूबाकडे केली. "यानं सांगावं. चौकोन यानं सोडला."

कडूबाने विहिरीकडे पाहिलं, टेकाडाकडे पाहिलं. चौकोन गेला होता, आणि त्याच्याबरोबर चारशे वाफे. त्याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या छातीत काहीतरी असं भरून आलं होतं, की लवकर बोलला नसता तर ते डोळ्यांतून बाहेर आलं असतं.

"हिशेब सिंधूनं केला," तो म्हणाला. "तिनंच सांगावं."

"पोरगी?" पंजाबराव म्हणाले.

"हाव. पोरगी."

सिंधू गडबडली. हे तिला अपेक्षित नव्हतं. ती धुऱ्यापर्यंत चालत गेली, गाडीवाटेवर उभी राहिली, वळून मुरमाकडे पाहिलं. "काका, उभी टाकली तर तुमची गाडी कुठून जाईल?"

"गाडी माह्यी, बैल माह्ये, वाट माह्यी. पश्चिमेकडून काढीन. तू कांद्याचं पाह्य."

"मग उभी," ती म्हणाली. "मुरमात वाफे बाराशे मोजता येतील, पण पिकणार नाहीत. बाबांच्या साऱ्या पट्टीत पीक येते."

"वा!" जानराव म्हणाले, आणि त्यांनी सुपारी अडकित्त्यात धरली. सुपारी फुटल्याचा आवाज झाला, तशी गीताबाईने दातांतला पदर सोडला. "चारशे वाफे गेले," ती कडूबाच्या कानाशी पुटपुटली, "पन रोप बरोब्बर पुरते आता." आणि ती हसली.

फांद्या उपटून पुन्हा बांबू फिरवला. या वेळी मोजणी सिंधूने म्हटली, मोठ्याने, आणि पंजाबराव मागोमाग चालले. बहुधा ती कुठे चुकते का पाहायला. ती चुकली नाही. पहिल्या कोपऱ्याशी बाभळीची खुंटी आणि लाकडी मोगरी ठेवली होती. पहिली खुंटी वावर घेणाऱ्या घरातल्या कर्त्या पुरुषाने ठोकायची, असा रिवाज. जानरावांनी मोगरी कडूबापुढे केली.

कडूबाने ती घेतली आणि सिंधूच्या हातात दिली.

"आता हेबी?" पंजाबराव म्हणाले.

"भाऊ, तुमी शब्द पाळला. मी जमीन पाळली. दोन्ही जुळवून कोनं देल्लं?"

 पंजाबरावांनी हातातली काठी धुऱ्यावर टाकली, पुढे येऊन खुंटीखालची माती पायाने सारखी केली आणि बाजूला झाले. "ठोक, बाई. तिरपी नको जाऊ देऊ."

मोगरी जड होती. सिंधूने ती दोन्ही हातांनी उचलली, पण नेम धरता धरता थबकली, कारण खुंटी उभी राहायला कोणीतरी धरायला हवी होती. कडूबा खाली बसला आणि त्याने खुंटी दोन्ही मुठींत धरली.

"बाबा, हात काढा. लागेल."

"नाही लागत," कडूबा म्हणाला. "मार."